न खुडलेली जुई

नालासोपाऱ्यात, आचोळ्याच्या या दोन खोल्यांत आम्ही राहायला आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. आज त्याच खोल्यांत, त्याच खिडकीशी बसून हे लिहिते आहे. मधल्या काळात इमारतीला तीनदा रंग लागला, गच्चीवरची टाकी दोनदा फुटली, समोरच्या मोकळ्या जागेत आणखी चार इमारती उठल्या आणि माझे गुडघे गेले. एवढं सोडलं तर घर तेच आहे. सकाळी पाणी आलं की खालचा पंप अजून तसाच कण्हत सुरू होतो आणि सगळ्या मजल्यांवर बादल्या आपटू लागतात. माझ्या लहानपणी त्या आवाजाच्या आधी आणखी एक आवाज असायचा, आईच्या स्टीलच्या ताटातल्या मण्यांचा. आई घरी बसून खोट्या दागिन्यांच्या माळा ओवायची. इथल्या प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी ते काम करायचंच. मणी ताटात सरकले की आम्हाला जाग यायची, आणि मग चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, सुक्या बोंबलाचं कालवण चढलेलं असायचं. आई शेवटपर्यंत स्टोव्हला चूलच म्हणायची आणि मी तिला शेवटपर्यंत चिडवायचे.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, वसईच्या एका खिळ्यांच्या कारखान्यात जायचे. मी एकोणीस वर्षांची असताना त्यांचं डावं अंग गेलं. पुढे डावा पाय फरफटत का होईना चालू लागला, हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा. कारखाना सुटला. मग नाना दिवसभर गॅलरीत पत्र्याच्या खुर्चीवर बसून राहायचे. बोलायचे कमी. आधीही कमीच बोलायचे, पण आधी त्या न बोलण्याला कामाचं निमित्त होतं.

नाना मूळचे गासचे. स्टेशनच्या त्या बाजूला, पश्चिमेला, रिक्षाने पंधरा मिनिटांवर. तिथे आमची फुलांची वाडी होती. नानांची आई ते रांगत असतानाच गेली. त्यांना वाढवलं त्यांच्या वहिनीने, म्हणजे माझ्या काकीने. ती लग्न होऊन आली तेव्हा स्वतःच जेमतेम पंधरा वर्षांची होती, आणि आल्या दिवसापासून दीर तिच्या कमरेवर. ती नानांना जनू म्हणायची, नाना तिला वैनी, पण वैनी म्हणताना त्यांचा आवाज आईला हाक मारल्यासारखा व्हायचा. पुढे वाडीची वाटणी झाली आणि नानांनी आपला विहिरीकडचा तुकडा मोठ्या काकांना न विचारता इमारत बांधणाऱ्याला विकला. का विकला, कुणी भरीला घातलं, ते सगळं मी आधी लिहिणार होते. लिहिलं नाही. कंटाळा आला. काकांनी एवढंच सांगितलं की, मी बोलावीन तेव्हा ये, तोवर या ओट्यावर पाय ठेवू नको. नाना त्या बोलावण्याची वाट बघत होते. सोळा वर्षं झाली होती, अंग लुळं पडलं होतं, तरी जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की ते मान वळवायचे. वैनी आहे तोवर एकदा जाऊन यायला मिळावं, याखेरीज त्यांचं आयुष्याकडे काही मागणं नव्हतं. आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही हेही ठरलेलं. आमच्या लोकांचा ताठा असा की मोडेल तिथे माणूस मोडेल, तो नाही मोडणार.

नाना घरी बसल्यावर मी कॉलेज सोडून स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत लागले. काम फोटो धुण्याचं, वाळवण्याचं, पासपोर्टच्या फोटोंच्या कडा कापण्याचं, आणि लग्नाच्या फोटोतल्या मुलींच्या गालांवरचे डाग बारीक ब्रशने झाकण्याचं. मालक भानूशेठ तोंडाने तिखट आणि मनाने मऊ होता. त्याच्याकडे एक जुना कॅमेरा होता, त्याचा पट्टा तुटला होता आणि फ्लॅश चालत नव्हता. उजेडात वापर, म्हणून त्याने तो मला दिला. कापून उरलेले काळे-पांढरे रोलही द्यायचा. अट एकच, रोल पुरा भरल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही. अर्ध्या रोलसाठी औषध वाया घालवलेलं त्याला खपत नसे.

माणसांचे फोटो काढायचा मला तेव्हाच वीट आला होता. दिवसभर लोकांची तोंडं धुवायची, वाळवायची, कापायची, आणि सुटीत परत तोंडंच? म्हणून मी वेलांचे काढू लागले. आचोळ्यात वेल म्हणजे काय असणार असं वाटेल, पण होते. ज्याला जमीन नाही तो वेल लावतो. तेलाच्या डब्यात मूठभर माती घालायची आणि वर जायचं. पहिल्या मजल्याच्या जाळीतून तिसऱ्यापर्यंत चढलेली मधुमालती होती, सकाळी गुलाबी, दुसऱ्या दिवशी लाल. माझ्या फोटोत दोन्ही करडेच. सांडपाण्याच्या पाइपावर गोकर्ण होती. रेशन दुकानाच्या पत्र्यावर घोसाळ्याची पिवळी फुलं. चाळीच्या संडासाच्या भिंतीवर कृष्णकमळ, आणि त्याचा फोटो काढायला मला नाकाला पदर लावून उभं राहावं लागलं होतं. तळमजल्याच्या दुबे भाभीने खिडकीला कारल्याचा वेल चढवला होता. मी कॅमेरा लावला की ती हातातलं लाटणं तसंच धरून वेलाशेजारी येऊन उभी राहायची. "दीदी, फूल ही खींचोगी? हमको भी ले लो," म्हणायची. मी तिला घ्यायचे, पण तिला सांगायचे नाही की फोकस कारल्याच्या फुलावर आहे.

फोटो धुतले की मी ते नानांना दाखवायचे. त्यांना बरं वाटावं म्हणून, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती. फुलांच्या वाडीतला माणूस, फुलांचे फोटो बघून खुश होईल असं मला वाटायचं. नाना फोटो मांडीवर ठेवून एका हाताने पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, हे उमललंय. हेपण उमललंय. सगळं सुटलंय. त्यांच्या तोंडून ते ऐकताना फूल उमलणं म्हणजे दूध उतू जाण्यासारखं काहीतरी वाटायचं. फुलांच्या वाडीत फूल कुणी बघत नाही, हे मला हळूहळू कळलं. तिथे बघायची ती कळी. जुईची कळी दुपारी पुरी भरते आणि संध्याकाळी उमलते, तेव्हा ती दुपारीच खुडून केळीच्या पानात बांधून बाजाराकडे गेली पाहिजे. उमलायचं ते गिऱ्हाइकाच्या केसांत. वेलावर उमललं ते हातातून गेलं. नानांनी आयुष्यात लाखांनी कळ्या खुडल्या असतील, पण वेलावर फुललेली जुई ते मोजून सांगू शकले असते. किती वेळा आणि कधी, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

श्रावण सरता सरता एका दुपारी, आई माळा पोचवायला खाली गेली असताना, नानांनी फोटोंचा गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाले, "सगळ्या गावाचे वेल काढतेस. आपल्या जुईचा एक काढून आण."

त्या वाडीचं नाव घरात निघत नसे.

"रस्त्यावरून दिसतो मांडव. लांबूनच काढ. आत जाऊ नको. त्यांनी हाक मारली तर जा," ते म्हणाले. आणि मग, रस्त्याकडे बघत, "वैनी मांडवाखाली असेल. दुपारची ती तिथंच असते. ती फोटोत आली तर येऊ दे."

म्हणजे जुई हवी होती ती नावाला. हे कळण्याइतकी मी मोठी होते. मला सुटी मंगळवारी असायची. गणपतीच्या आधीच्या मंगळवारी मी गेले, पण दुपारी नाही, सकाळी. दुपारी ऊन डोक्यावर येतं, पांढरं फूल त्या उजेडात नुसता डाग होतं, हे मी नुकतीच शिकले होते आणि नव्या शिकलेल्याला ते वापरून बघायची घाई असते. काकी दुपारी असते असं नाना बोलले होते, पण माझ्या डोक्यात फोटो होता.

गासच्या रस्त्याला तेव्हा दोन्ही बाजूंनी वाड्या होत्या. रिक्षा मी अलीकडेच सोडली. घर ओळखायला त्रास पडला नाही, कारण मांडव लांबूनच दिसला. घराच्या पुढे, ओट्यापासून कुंपणापर्यंत, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर पसरलेला जुईचा मांडव, आणि तो सगळा पांढरा झाला होता. पान दिसत नव्हतं. खाली जमिनीवर फुलांचा थर पडला होता, कुणाचं पाऊल न उमटलेला. वास तर असा की मी आधी तोंडाने श्वास घेतला. एवढी जुई मी कधी पाहिली नव्हती. आचोळ्याच्या डब्यातल्या वेलांवर खूश होणारी मुलगी मी, माझं भानच गेलं. मी कुंपणाच्या कडेने फिरले, वाकले, उकिडवी बसले, एका ठिकाणी कुंपणाच्या दगडावर चढले. बारा फोटो काढले. घरातून कुणी हाक मारली नाही. ओट्यावर सावली होती, तिथे कुणी आहे का हे मी नीट पाहिलंही नाही. बोलावलं नाही, म्हणून गेले नाही. परत येताना मी रिक्षात एकटीच हसत होते, हे मला आजही आठवतं.

रोलमध्ये अजून वीस-एक फोटो शिल्लक होते. भानूशेठची अट होती, आणि खरं सांगायचं तर मलाही घाई नव्हती. जुईसारखे फोटो काढल्यावर उरलेले फोटो त्याच तोडीचे हवेत, असं डोक्यात शिरलं होतं. गणपती आले. घरोघर मूर्ती, स्टुडिओत आरासांचे फोटो धुवायला रांग. मी येता-जाता आचोळ्यात फिरून एकेक वेल निवडून काढत होते. एका वेलासाठी दोन-दोन दिवस उजेडाची वाट बघितली. नानांनी दोनदा विचारलं, झाले का फोटो? मी म्हटलं, नाना, थांबा, असे फोटो तुम्ही बघितले नसतील. ते थांबले.

आता हल्लीच आमच्या इमारतीतली काही तरुण मुलं माझ्याकडे आली होती. त्यांना जुन्या नालासोपाऱ्याचं प्रदर्शन भरवायचं आहे. त्यांनी माझे फोटोंचे डबे उपसले आणि त्यांना जुईचेच फोटो सगळ्यांत आवडले. एक मुलगी म्हणाली, आँटी, क्या लाइट है. आहेच तो चांगला. इतक्या वर्षांत मी त्याहून चांगला फोटो काढू शकले नाही, हे मलाही माहीत आहे. मी त्यांना मधुमालतीचे दिले आणि जुईचे परत डब्यात ठेवले. मुलं हिरमुसली, पण समजावून सांगायला बसायची ताकद नव्हती.

अनंत चतुर्दशी झाल्यावर माझा रोल धुतला गेला. ओले फोटो वाळेपर्यंत मला धीर नव्हता. संध्याकाळी घरी आले तर आई वालाचं बिरडं सोलत बसली होती आणि नाना गॅलरीत. मी जुईचे बारा फोटो त्यांच्या मांडीवर ठेवले आणि शाबासकीसाठी शेजारी उकिडवी बसले.

नानांनी पहिला फोटो पाहिला आणि तो सरकवलाच नाही. मग त्यांनी आईला हाक मारली. आई हात पुसत आली, फोटो पाहिला आणि तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आठवणीने झालं.

"कुठल्या दिवशी गेलेलीस?" नानांनी विचारलं.

"मंगळवारी. गणपतीच्या आधीच्या."

"गणपतीच्या तोंडावर जुई वेलावर," नाना म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. मग त्यांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायला सुरुवात केली. सातवा की आठवा फोटो त्यांनी माझ्यापुढे धरला आणि कोपऱ्यावर अंगठा ठेवला. फुलांच्या मागे, अंधूक, कारण मी फोकस फुलांवर धरला होता, ओट्यावर एक माणूस बसला होता. उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा. तो माणूस सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता.

"भाऊ हाय," नाना म्हणाले. "म्हणजे वैनी गेली. ती असती तर पोरीला बघून बाहेर आली असती."

मला अजून काही कळलं नव्हतं. आईने सांगितलं. फुलांच्या वाडीत घरात माणूस गेलं की जुई खुडत नाहीत. सुतकातल्या हाताची फुलं देवाला चालत नाहीत, कुणाच्या केसांतही माळत नाहीत. म्हणून बारा दिवस मांडवाला कुणी हात लावत नाही आणि मांडव फुलतो. रस्त्याने जाणाऱ्याला निरोप लागत नाही. पांढरा मांडव दिसला की माणसं चप्पल काढून आत जातात आणि मगच विचारतात, कोण. आमच्यातल्या चार वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं. मला नव्हतं. मी पाच वर्षांची असताना तिथून आले होते, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या वाडीबद्दल कुणी बोललंच नव्हतं. आई बोटं मोजत होती. बारावं होऊन गेलं, ती म्हणाली. मी वेलांमागे फिरत होते तेव्हाच ते होऊन गेलं होतं. नाना मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, जायचं. बोलावणं नाही, हे आईने आठवणही करून दिलं नाही. त्यांना चार जिने उतरवायला मला आणि दुबे भाभीच्या नवऱ्याला अर्धा तास लागला. रिक्षात गासच्या वळणावर ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, तिथं तू काय बोलू नको. मी म्हटलं, मी सांगणार आहे सगळं, चूक माझी आहे. त्यांनी हात तसाच ठेवला.

मांडव आता हिरवा होता. मोठे काका खाली उभं राहून कळ्या खुडत होते, कमरेला टोपली बांधलेली. त्यांनी आम्हाला रिक्षातून उतरताना पाहिलं आणि खुडणं थांबवलं नाही. नाना फाटकातून आत गेले आणि मांडवाच्या कडेला काठीवर भार देऊन उभे राहिले. ओट्यावर चढले नाहीत. मी मागे.

"आता आला?" काका म्हणाले. तोंड वेलाकडेच. "तिसऱ्या दिवशी तुझ्याकडे निरोप धाडायला माणूस काढत होतो. तेवढ्यात तुझी पोरगी दारात, तोंडावळा तुझाच. म्हटला, कळला त्यांना. पोरीला पुढं धाडलान, मागून जनू येतोय. तर ती इकडून फोटो काढते, तिकडून फोटो काढते. दगडावर चढून काढते. आणि गेली. घरात मानूस गेलाय, त्याचे फोटो काढून गेली." त्यांनी एक कळी खुडून टोपलीत टाकली. "बाराव्याला तुझा पान वाढून ठेवलेला. तुझ्या वैनीनं सांगून ठेवला होता, जनूचा पान वाढा. संध्याकाळी गाईला घातला."

माझ्यामुळे निरोप निघाला नव्हता. मी पुढे झाले, "काका, मला," एवढं म्हटलं आणि नानांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. काठी खाली पडली.

"मला कळला होता, भाऊ," नाना म्हणाले. "माझाच पाय निघाला नाय."

तेव्हा काकांनी पहिल्यांदा वळून पाहिलं. आधी पडलेल्या काठीकडे, मग नानांच्या पायाकडे, मग लोंबणाऱ्या हाताकडे. त्यांना काहीच माहीत नव्हतं. दोन वर्षं नाना गॅलरीत बसून होते आणि मधे फक्त रेल्वेचे रूळ होते.

"हे कधी?"

"झाली दोन वर्षां."

"मला कोन बोलला नाय," काका म्हणाले. आणि मग, "मी पन कोनाला विचारला नाय."

त्यांनी ओट्यावरून एक लाकडी चौरंग आणला आणि मांडवाखाली ठेवला. नानांना खांद्याला धरून बसवलं. टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली, एक फांदी वाकवून त्यांच्या हाताजवळ आणली आणि ती तशीच धरून उभे राहिले. नाना एका हाताने खुडायला लागले. नानांच्या डोळ्यांतून पाणी सारखं चाललं होतं. ते पुसायला त्यांच्याकडे हात नव्हता. मी जवळ जाऊन पुसावं की नाही हे मला कळेना, म्हणून मी उभीच राहिले.

परत येताना रिक्षात मी चिडले होते. मी म्हटलं, खोटं कशाला बोललात? मला माहीत नव्हतं, एवढं मी सांगितलं असतं तर मिटलं असतं. नाना दमले होते, तरी त्यांनी उत्तर दिलं. "या घरच्या पोरीला फुललेली जुई कळत नाय, हे त्याला खरा वाटला नसता. आणि खरा वाटला असता तर जास्त वाईट. मग तो म्हणाला असता, जनूनं जमीन विकली ती विकली, पोरीलापण विकली."

त्या दिवसानंतर नाना गासला जाऊ लागले. आठवड्यातून एकदा, पुढे दोनदा. मी त्यांना रिक्षाने सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे. अकरा वर्षं ते त्या चौरंगावर बसून एका हाताने कळ्या खुडत राहिले. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. घरी आले की बोटांना जुईचा वास असायचा आणि ते आईला गासच्या गप्पा सांगायचे, कुणाची केळ पडली, कुणाची सून रुसली. खोट्याचं मोल मी देत होते, हे त्यांना दिसलं नसेल असं नाही. नानांच्या सांगण्याने मी काय ठरले, ते बघा. नानांना कळलं होतं म्हणजे मलाही कळलं होतं. काकी गेली आहे हे ठाऊक असताना दगडावर चढून फोटो काढणारी पोरगी. काका माझ्याशी तोडून वागले नाहीत, त्यांचा तो स्वभावच नव्हता. चहा यायचा. पण माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "जनू, तुझी पोरगी आली," एवढंच. जुईच्या घरातून बाईमाणूस रिकाम्या केसांनी परत जात नाही, पोस्टातल्या बाईलाही तिथे गजरा मिळायचा. मला अकरा वर्षांत एकदाही मिळाला नाही. माझ्या लग्नाचं दोनदा जुळून मोडलं तेव्हा गासकडून कुणी शब्द टाकला नाही, आणि तो का टाकला नाही हे मी कुणाला विचारलं नाही. नानांना मी तोंडाने सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी भावाकडे जाऊन खरं बोलले असते. मग त्या चौरंगाचं काय झालं असतं, याचा विचार करून मी गप्प बसायचे. कॅमेरा मी भानूशेठला परत करायला गेले, तर त्याने घेतला नाही.

नाना गेल्यावर गासला जायचं कारण संपलं. तरी वर्षातून एकदा, पितृपक्षात, मी जाऊन यायचे. चौथ्या की पाचव्या वर्षी गेले तेव्हा काका फार थकले होते. वाडीतला अर्धा मांडव उतरवला होता, खुडायला माणसं मिळत नव्हती. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. घरातली माणसं कामाला गेलेली. मी खालच्या पायरीवर बसले. आम्ही दोघं रस्त्यावरच्या गाड्या बघत होतो.

"विजू," काका म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "एक विचारू? त्या दिवशी फोटो काढताना तुला कायच वाटला नाय काय?"

आता कुणाचं काही जाणार नव्हतं. नाना नव्हते. मला माहीत नव्हतं काका, एवढे तीन-चार शब्द पुरेसे होते. पण त्यांच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता, मग जनू तसा का बोलला? आणि हा म्हातारा माणूस एकटा ओट्यावर बसून ती अकरा वर्षं परत उलगडत बसला असता. त्यातली किती खरी, किती खोटी हे बघत. शिवाय विचारलं होतं त्याचं खरं उत्तर आणखीच वेगळं होतं. त्या सकाळी मला वाटलं होतं. आयुष्यात परत कधी झाला नाही इतका आनंद झाला होता. तो त्यांना कसा सांगणार?

"नाही, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"तेच मी समजून होतो," ते म्हणाले, आणि भिंतीला धरून आत गेले.